टॅक्टरातला हैदरअली

शालिग्रामले एक अक्षर लिवता येत नव्हतं, पन त्याच्या खाकी शर्टाच्या खिशात पेन्सील राहे. कोनी इचारलं, "काऊन बे, पेन्सील कायले?" तं तो म्हने, "डायवरच्या खिशात पेन्सील पाह्यजे." कान कोराले मात्र ती लय कामी ये.

तसा तो काई जलमाचा डायवर नव्हता. उंद्री अन् अमडापूरच्या मधात आपलं गाव, तथी केसरबाईच्या घरी तो सालदार होता. शेन काढाचं, कडबा टाकाचा, अन् कडूबाच्या मांगं मांगं फिराचं. कडूबा म्हंजे केसरबाईचा जुना गडी. सारा जलम त्यानं बैलाच्या शेपट्या पिरगाळल्या. बैलं त्याचं आयकत, अन् तो कोनाचंच आयकत नसे. त्याच्या घरात पह्यलं बैलं, मंग बायको, मंग शालिग्राम. हे कडूबा सोता सांगे, त्यात लपवाचं काई नव्हतं.

मंग बहात्तरच्या दुष्काळाच्या तीन-चार सालं आंधीची गोष्ट. केसरबाईचा लेक भगवंतराव बुलढान्याले हापिसात होता. शिकलेला मानूस. त्यानं कुठूनसा जुना टॅक्टर घेतला अन् गावात धाडून देला. संग एक डायवर आला, तो तीन दिवस राह्यला. केसरबाई कडूबाले म्हने, "तू शीक."

कडूबा म्हने, "ज्याले शेपटी नाही त्याले मी हाकत नाही."

म्हून शालिग्राम वर चढला. तीन दिवसात त्यानं टॅक्टर चालवाले शिकून घेतला. थांबवाले शिकाले अजून आठ दिवस लागले, तवरोक तो कडब्याच्या गंजीत नेऊन थांबवे.

त्या डायवरनं त्याले एकेक दांडी दाखवली. इंजन धडधड करून राह्यलं, डायवर वरडून सांगून राह्यला. "हे किलच! हा बिरेक! अन् हे हायड्रोलिक! दांडी ओढली का नांगर वर, सोडली का खाली!"

शालिग्रामनं मुंडी हालवली. त्याच्या कानात काय शिरलं? हैदरअली.

झालं, संध्याकाळी पारावर त्यानं साऱ्या गावाले सांगतलं, "नांगर उचलाले मानूस लागत नाही. हैदरअली उचलते."

केसरबाईनं इचारलं, "कोन हा हैदरअली?"

"माय, कंपनीतला कोनी मोठा कारागीर असन. त्यानं बनवलं, म्हून त्याचं नाव देलं. आपून नाही का म्हनत, पुंजाजीची विहीर?"

गोष्ट साऱ्याइले पटली. पुंजाजी मरून किती सालं झाले, विहिरीले नाव त्याचंच हाय. तवापासून गावात पोट्टेसोट्टे सारे म्हनत, हैदरअली उचल, हैदरअली टाक.

त्याच साली शालिग्रामचं लगन झालं. डोनगावची रुख्मिणी. तिच्या बापानं काई वावर नाही पाह्यलं, घर नाही पाह्यलं. पोरगा डायवर हाय एवढं आयकलं अन् सुपारी फोडली. मांडवात बायांइनं नाव घ्याले लावलं तं रुख्मिणी काय म्हनते:

"धुऱ्याच्या पल्ल्याड उडते धूर, शालिग्राम डायवर आले, कोंबड्याहो व्हा दूर!"

सारा मांडव हासला, अन् शालिग्राम एक वीत उंच झाला. आता मले सांग, मानसाले आजून काय पाह्यजे? कालपरवापरेंत ज्याले 'ए सालदार' म्हनत, त्याच्या नावाले शेपूट लागलं, डायवर.

पन टॅक्टर म्हातारा होता. दुसऱ्या साली नांगरटीच्या दिवसात हैदरअली गळाले लागला. पह्यलं थेंब थेंब, मंग धार. इंजनच्या बाजूले लोट्याएवढा एक पंप होता, त्याच्यातून तेल खाली ठिबके. शालिग्राम खाली परात ठेवे, भरली का तेच तेल वरून ओते. केसरबाई म्हने, "माही म्हैस इतकं दूध देत नाही जितकं हे तेल देते. याचं दही लावता येते का पाह्य."

मंग एक दिवस नांगर वर याचा बंदच झाला. शालिग्राम तासाच्या शेवटी आला, वावराचा धुरा म्हंजे बांध समोर, दांडी ओढली. नांगर जमिनीतच. पुन्हा ओढली. नांगर हाले ना. अन् बिरेक आठवूस्तोवर टॅक्टर धुरा वलांडून भाऊरावच्या कांद्यात. उपटाले आलेला कांदा, एका सरीतला सारा त्यानं उपटून देला.

भाऊराव बोंबलत आला, "काऊन बे शालिग्राम, आंधळा झाला का?"

"भाऊ, मी नाही केलं. हैदरअलीनं केलं."

"हैदरअलीले म्हन, राह्यलेल्या सऱ्याबी उपटून दे. माह्ये मजूर वाचतीन!"

कडूबा धुऱ्यावर बसून तमाखू मळत होता. म्हने, "माह्या बैलाले कांद्याचा वास आला असता तं ते आंधीच थांबले असते."

केसरबाईनं रातभर इचार केला नाही, जागच्या जागी सांगतलं. "शालिग्राम, चार दिवस देतो तुले. चार दिवसात नांगर उचलला तं ठीक. नाही तं शुक्रवारी खामगावचा भंगारवाला येऊन राह्यला, टॅक्टर त्याच्या हवाली. अन् तू कासरा धर, कडूबाच्या मांगं चाल. पानी पडाच्या आंधी माही नांगरटी झाली पाह्यजे, बैलानं होवो का भुतानं."

शालिग्राम घरी आला. रुख्मिणीनं सारं आयकून घेतलं अन् एवढंच म्हने, "मंग मी नावात आता काय घेऊ? शालिग्राम सालदार आले, बैलाहो व्हा दूर?"



दुसऱ्या दिसापासून त्याचे इलाज सुरू झाले. पह्यलं साबन लावलं. टाकी गळाली का साबन लावतेत, हे त्यानं कुठंतरी पाह्यलं होतं. तेलानं साबन धुऊन नेलं, खाली नुसता फेस. मंग सुतळी गुंडाळली. मंग रुख्मिणी म्हने, "माह्यी माय गळक्या घागरीले उडदाचं पीठ लावे, दगडावानी बसते."

उडदाचं पीठ घट भिजवलं, पंपाच्या भोवती हे एवढं जाड लिंपलं. वाळू देलं. खरंच थेंब थांबला! शालिग्राम टॅक्टर घेऊन वावरात निघाला. पन इंजन तापलं, तेल तापलं, अन् तेलात उडीद म्हनल्यावर काय होनार? ते तळाले लागलं ना! साऱ्या शिवारात वड्याचा वास. टॅक्टरच्या मांगं सात कुत्रे. वावरातल्या बाया खुरपं टाकून उभ्या राह्यल्या, "कोनाच्या घरी सन हाय वं?" दुपारपरेंत पीठ लाल झालं, फुगलं, अन् टपकन खाली पडलं. कुत्र्याइनं ते बी खाल्लं. तेलाची धार जशीच्या तशी.

दोन दिवस गेले, दोन राह्यले.

तिसऱ्या दिवशी अमडापूरचा बजार. शालिग्रामनं पंपाचे नट ढिले करून ठेवले होते, त्याले हालता येत नव्हतं. कडूबा बैलगाडी घेऊन बजाराले निघाला होता. नाक मुठीत धरून शालिग्राम त्याच्याकडं गेला.

"कडूबाबा, बजारात एक काम करता का? हैदरअलीचा वायसर इचारा. भेटला तं घेऊन या."

"माह्याच हातानं माह्या बैलाच्या पोटावर पाय देऊ का?"

"बाबा, पाया पडतो."

कडूबानं गाडी हाकलली. पन मानूस वाईट नव्हता, तोंडच वाईट होतं. बजारात तो ज्याले त्याले इचारत गेला, "हैदरअलीचा वायसर कुठं भेटन?" जो तो सांगे, "तो काय, निंबाखाली."

निंबाखाली खरंच हैदरअली बसला होता! स्टो दुरुस्त करनारा. मेंदी लावलेली दाढी, डोयावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा, पुढ्यात पन्नास स्टो, अन् एका डब्यात कातड्याचे वायसर. स्टोच्या पंपात वायसर राह्यते ना, ज्यानं हवा भरते, ते.

"कोनता वायसर पाह्यजे, बडेमियाँ?"

कडूबानं दोनी हात पसरले. "लोट्याएवढ्या पंपाचा."

हैदरअलीनं चष्मा वर केला. "एवढा मोठा स्टो? काय रांधता त्याच्यावर?"

"रांधत नाही. नांगर उचलते."

हैदरअलीनं जलमात लय स्टो पाह्यले होते, पन नांगर उचलनारा पाह्यला नव्हता. त्यानं पेटी उचलली अन् कडूबाच्या गाडीत येऊन बसला. अशी गाडी दिवस मावळाच्या आंधी केसरबाईच्या दारात.

कडूबा खाली उतरला अन् म्हने, "वायसर मांगतला होता, मी हैदरअलीच आनला. घ्या."

शालिग्रामच्या हातातला पाना खाली पडला. केसरबाई पदर सावरत ओट्यावर आली.

"तुमीच का हैदरअली?"

"हाव, बाई."

"अगं माय! तुमचं नाव आमच्या टॅक्टरावर हाय हो!"

हैदरअलीले काईच समजलं नाही, पन मानूस इज्जतीचा. "मेहरबानी," म्हने.

"गाव कोनतं?"

"हेच ना, अमडापूर."

"पाह्य शालिग्राम! एवढा मोठा कारागीर दोन कोसावर, अन् आपल्याले ठावकं नाही!" केसरबाईनं सोता पाट मांडला. आमरस अन् गव्हाचे सरगुंडे, वरून तुपाची धार. हैदरअली नाही नाही म्हने अन् जेवे. इतक्या वर्सात स्टो दुरुस्त केला म्हून कोनी त्याले चहाबी नाही पाजला होता.

हात धुवाले तो गोठ्याकडं आला तं शालिग्रामनं त्याले गाठलं.

"चाचा, खरं सांगा. टॅक्टरातलं काई समजते का?"

"समजते ना. तो आला का बाजूले सरकाचं."

शालिग्राम खाली बसला. "मंग तुमचं नाव त्याच्यात कसं?"

"अल्ला जाने, बेटा. मी खामगावच्या पल्ल्याड गेलो नाही." हैदरअलीनं दाढीवरून हात फिरवला. टॅक्टरकडं पाह्यलं, खालच्या परातीकडं पाह्यलं. "पन एक सांगतो. नाव माह्यं हाय, अन् तेल असं गळून राह्यलं. हे काई बरं नाही. पुऱ्या गावात बदनामी. खोल तो पंप."

शालिग्रामनं पंप खोलला. हैदरअलीनं घासलेटात धुतला, चष्म्याजवळ नेला, सुंगला. आत दोन दातवाले चक्के एकमेकात बसलेले, अन् त्यातून एक दांडा भाईर आलेला. दांड्याभोवती वायसराचं कडं होतं. ते काढलं तं काय, उन्हाळ्यातल्या टाचेसारखं तडकलेलं.

हैदरअली हासला. "हे पाह्य. पंप म्हंजे पंप. स्टोचा लहान पोरगा, हा त्याचा बाप. दोघाइचा रोग एकच."

त्यानं डब्यातला सगळ्यात मोठा वायसर काढला, तेलात बुडवला, कापून बसवला. पंप लावला. शालिग्रामनं इंजन सुरू केलं. फट्ट! वायसर फाटला अन् तेलाची पिचकारी थेट हैदरअलीच्या दाढीत. लाल दाढी काळी झाली. कडूबा पोट धरून हासला, "तरणा झाला, हैदरअली तरणा झाला!"

हैदरअलीनं तोंड पुसलं. "स्टोचं कातडं पातळ हाय. याले जाड पाह्यजे, अन् सालोसाल तेल पेलेलं. नवं चालत नाही." बोलता बोलता त्याची नजर गोठ्याच्या आढ्याकडं गेली. "अन् ते काय टांगलं?"

कडूबाचं हासू बंद झालं.

ती मोट होती. विहिरीवर इंजन बसून सहा सालं झाले, मोटीचं काम कोनालेच नव्हतं. पन कडूबा दर अमोश्येले तिले उतरवे, करडीचं तेल चोपडे अन् पुन्हा टांगे. कारन ते कातडं पवळ्याचं होतं. पवळ्या म्हंजे कडूबाचा बैल, चौदा सालं त्यानं त्याच विहिरीवर मोट ओढली. मेला तवा कडूबानं त्याचीच मोट शिववून आनली.

"मोटीले हात लावला तं हात मोडीन," कडूबा म्हने.

कडूबानं नुसतं गप्प राहाचं होतं. परवा शुक्रवार, भंगारवाला येईन, टॅक्टर जाईन, बैलाचं राज्य पुन्हा येईन. इतकं सोपं.

हैदरअली मात्र मोटीजवळ गेला. पानी वताच्या सोंडेचं कातडं दोन बोटात धरलं, मुडपलं, सोडलं. मऊ, जसा लेकराचा कान. "भाई," तो कडूबाले म्हने, "चाळीस सालं झाले मी कातडं कापून राह्यलो. असं कातडं मी नाही पाह्यलं. कोनी लय जीव लावला याले."

सहा सालात त्या मोटीले सारे 'फेका ते' म्हनले होते. कडूबानं मान तिकडं फिरवली अन् लय वेळ तमाखूच मळत राह्यला.

मंग म्हने, "म्हंजे पवळ्याबिगर तुमचा टॅक्टर चालत नाही?"

"नाही चालत," हैदरअली म्हने.

"हे या शालिग्रामच्या तोंडून पाह्यजे. वर बसून. साऱ्याइच्या देखत."

शालिग्राम टॅक्टरवर चढला. अंगनात केसरबाई, रुख्मिणी, भाऊराव, शेजारपाजार सारे जमले होते. त्यानं घसा खाकरला. "पवळ्याबिगर टॅक्टर चालत नाही!"

"अजून. पोळ्याले टॅक्टर माह्या बैलाच्या मांगं उभा राहीन. सगळ्यात शेवटी."

"उभा राहीन!"

"नुसता टॅक्टर नाही, तूबी."

"मीबी!"

कडूबानं सोता सुरी घेतली. सोंडेचा तळहाताएवढा तुकडा कापला, कपाळाले लावला अन् हैदरअलीच्या हातात देला. हैदरअलीनं केसरबाईचं लाटनं मांगून घेतलं, त्याच्या टोकावर ओलं कातडं दाबून वाटीसारखं केलं, रातभर तेलात ठेवलं. सकाळी दांड्यावर चढवलं तं असं बसलं जसं बोटात आंगठी.

पंप लावला, तेल भरलं. केसरबाई चुलीजवळूनच वरडली, "माही एक भाकर भाजून होईस्तोवर नांगर वर राह्यला पाह्यजे, अन् खाली एक थेंब नको!"

इंजन धडधडलं. शालिग्रामनं डोये मिटून दांडी ओढली. नांगर हालला, थरथरला, अन् हळूहळू, म्हातारा मानूस गुडघ्यावर हात ठेवून उठते तसा, वर आला. अन् वरच राह्यला.

शालिग्राम खाली उतरून पंपाजवळ वाकला. सारे वाकले. केसरबाईनं भाकर थापली, तव्यावर टाकली, पलटवली. तेवढ्यात टप! धुळीत एक थेंब.

"गळला!" भाऊराव वरडला.

हैदरअलीनं शांतपनं बोट धुळीत लावलं, जिभीवर टेकवलं. "खारं हाय," म्हने. "तेल नाही. डायवरच्या नाकाचा घाम हाय. याले वायसर नाही बसत."

भाकर फुगली. केसरबाईनं ती टोपलीत टाकली अन् म्हने, "शालिग्राम डायवर, वावरात जा. नांगरटी राह्यली हाय." तिनं पह्यल्यांदाच त्याले त्या नावानं हाक मारली होती. शुक्रवारी भंगारवाला आला तं त्याले ताक पाजून वापस धाडलं.

मंग पोळा आला. आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतेत. कडूबानं बैलाचे मळले, अन् उरलेलं वाटीत घेऊन टॅक्टरकडं गेला. पंपावर तूप-हळद चोळली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हनला. शालिग्राम पाह्यत राह्यला. कडूबा म्हने, "तुह्यासाठी नाही. आत पवळ्या हाय."

दुसऱ्या दिवशी तोरनाखाली पह्यलं बैलं, शेवटी टॅक्टर. हार घातलेला, वर शालिग्राम खिशात पेन्सील खोसून. हैदरअलीले अमडापूरवरून खास बलावनं होतं, तो टॅक्टरच्या बाजूले, दाढीले नवी मेंदी.

भगवंतराव सनाले घरी आला होता. केसरबाईनं त्याले मोठ्या कौतिकानं सारं सांगतलं. तो असा हासला का त्याले ठसका लागला. "माय, हैदरअली नाही वो! हायड्रोलिक! हा-य-ड्रो-लिक! इंग्रजी शब्द हाय. त्याच्यात कोनी मानूस-बिनूस नाही!"

शालिग्रामनं हैदरअलीकडं पाह्यलं, हैदरअलीनं शालिग्रामकडं. दोघाइचंबी तोंड उतरलं.

केसरबाई मात्र म्हने, "तू शिकलेला, तुह्यं ते काय डोलिक-बिलिक बुलढान्याले राहू दे. मी या मानसाले माह्या हातानं जेवाले वाढलं हाय."



शालिग्रामनं मंग आजून तीन टॅक्टर चालवले, म्हातारा होईस्तोवर. चिखलीच्या दुकानात सामान घ्याले गेला का गिराइकाच्या गर्दीतून वरडे, "भाऊ, हैदरअलीचा वायसर द्या!" अन् दुकानदार एक अक्षर न इचारता बरोबर तोच वायसर काढून दे. डायवर शालिग्राम होता ना, शब्द चुकन कसा?